सर्वांचे शिबिर: दिव्यांग तरुणांना सोबत घेण्यासाठी नेमके काय लागते

कापसाची पहिली वेचणी घरात आली आणि दिवाळीची सुट्टी संपली की खानदेशात शिबिरांचा हंगाम सुरू होतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालये राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे दत्तक गावांत भरवतात, शाळांची स्काउट-गाइड पथके तंबू घेऊन बाहेर पडतात, आणि कुठली तरी संस्था पाल किंवा तोरणमाळ येथे व्यक्तिमत्त्व विकासाचे शिबिर घेते. या शिबिरार्थींच्या यादीत दिव्यांग मुलगा किंवा मुलगी बहुधा सापडत नाही. त्यांना कोणी स्पष्ट नकार दिलेला नसतो. “तिथे तुझे हाल होतील, तू घरीच थांब, हजेरीचे आपण बघून घेऊ,” असे आपुलकीने सांगितलेले असते, आणि नकार या स्वरूपात आला की त्याविरुद्ध तक्रार करणेही अवघड होऊन बसते.

दिव्यांग तरुणांच्या वाट्याला शिबिरे येतात ती वेगळी. कुठे तपासणी असते, कुठे प्रमाणपत्र मिळते, तर कुठे कॅलिपर, श्रवणयंत्र किंवा तीनचाकी सायकल वाटली जाते. केंद्र सरकारची ‘एडिप’ ही साहित्यसाहाय्य योजना १९८१ पासून चालू आहे आणि तिच्यातून मिळणाऱ्या साधनांचे मोल कोणीही नाकारू नये. मात्र तेथे तरुण लाभार्थी म्हणून येतो, रांगेत बसतो, साधन घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परततो. रात्री मित्रांबरोबर गप्पा मारत जागणे, भाकरी करपवणे, गटात भांडण होऊन पुन्हा जुळणे, घरापासून दूर राहून आपले आपण निभावणे, यांतले त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. या लेखाचा विषय हे दुसरे शिबिर आहे: दिव्यांग आणि इतर तरुण एकत्र राहतात, एकत्र काम करतात आणि ज्याची आखणीच दोघांना धरून केलेली असते, असे शिबिर.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्याच्या जागी आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत आणि हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेने दिव्यांग विद्यार्थ्याला केवळ प्रवेश देऊन थांबायचे नाही. खेळ आणि मनोरंजनाच्या संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायच्या आहेत. एखाद्याला सहभागी होता यावे म्हणून संस्थेवर अवाजवी बोजा न पडता जो बदल करता येतो त्याला हा कायदा ‘वाजवी सोय’ मानतो, आणि ती नाकारणे हा भेदभाव ठरवतो. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचे तिसावे कलम दिव्यांग मुलांचा खेळण्याचा आणि विरंगुळ्याचा समान हक्क मान्य करते. भारताने त्या करारावर १ ऑक्टोबर २००७ रोजी शिक्कामोर्तब केले. उच्च शिक्षणाच्या शासकीय व अनुदानित संस्थांत किमान पाच टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव आहेत. त्यामुळे “आमच्याकडे असे विद्यार्थीच नाहीत” हे उत्तर महाविद्यालयाने देण्यापूर्वी प्रवेशाची नोंदवही एकदा उघडून पाहावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांत २४० तासांच्या कामाबरोबर एक विशेष शिबिर पूर्ण करावे लागते. आपुलकीने घरी ठेवलेला विद्यार्थी सात दिवसांच्या आनंदाला मुकतो आणि त्या कागदालाही मुकतो.

एकत्र राहून काय साधते, याचे उत्तर अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या विचारात सापडते. वेगवेगळ्या गटांतील माणसे नुसती एकमेकांजवळ आणली म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यासाठी दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठण्यासाठी एकमेकांची गरज लागायला हवी आणि वरिष्ठांचा या साऱ्याला पाठिंबा दिसायला हवा. आपल्याकडील पुष्कळ ‘एकत्र’ कार्यक्रम यातील पहिल्याच अटीवर अडखळतात. दिव्यांग मुलांना पहिल्या रांगेत बसवून, गुलाबाचे फूल देऊन, त्यांच्यासमोर इतर मुलांनी नाच सादर केला तर दोन्ही गट एका मंडपात येतात खरे, पण एक पाहुणा आणि दुसरा यजमान असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीची आठवण येथे काढायला हवी. तेथे तरुण गेले ते कुष्ठमुक्त माणसांनी उभ्या केलेल्या शेतीवर घाम गाळायला, आणि त्या कामातली जाणती माणसे अर्थातच तेथील रहिवासी होती. कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश आजच्या एकवीस प्रकारांतही आहे.

म्हणून शिबिरातील कामाची वाटणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दिव्यांग शिबिरार्थीला कामातून सूट देणे हा चांगुलपणाच्या वेषातला अपमान आहे. व्हीलचेअर वापरणारी मुलगी कोठीचा हिशेब ठेवू शकते, लसूण सोलू शकते आणि आपल्या गटाची प्रमुखही होऊ शकते. दृष्टिहीन मुलगा पहाटेच्या घंटेची जबाबदारी घेऊ शकतो आणि कणीकही मळू शकतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला “स्वयंपाकघरात मदत कर” असे मोघम सांगण्यापेक्षा “जेवणापूर्वी प्रत्येक ताटाशेजारी एक पेला ठेव” असे नेमके काम दिले, पहिल्या दिवशी सोबत राहून करून दाखवले आणि सातही दिवस तेच काम त्याच्याकडे ठेवले, तर तिसऱ्या दिवसापासून ते इतर कोणी करायला गेलेले त्याला खपत नाही.

जागा आणि ऋतू

खानदेशात पहिला निर्णय ऋतूचा घ्यावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, आणि तो उन्हाळा धडधाकट माणसालाही सोसत नाही. पाठीच्या कण्याला वरच्या भागात इजा झालेल्या व्यक्तीला इजेच्या खालच्या शरीराला घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे अंगातील उष्णता बाहेर पडायची मुख्य वाटच बंद झालेली असते. फिट्सवरच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही घाम कमी होतो. उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या व्हीलचेअरची लोखंडी दांडी हाताला चटका देते. उन्हाळी सुट्टी सोयीची असली तरी आपल्या भागात निवासी शिबिर डिसेंबर-जानेवारीतच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिवाळ्यालाही त्याचे धोके आहेत. सातपुड्यात रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि सगळे शेकोटीभोवती सरकत जातात. पायांना संवेदना नसलेल्या मुलाला आपले पाऊल विस्तवाच्या फार जवळ गेले आहे हे कळत नाही. भाजल्याचे बहुधा दुसऱ्या दिवशी मोजा काढताना लक्षात येते. गरम पाण्याच्या पिशवीचेही तसेच आहे. अशा शिबिरार्थीची खुर्ची शेकोटीपासून किती अंतरावर असावी हे जमिनीवर चुन्याची रेघ मारून ठरवावे, म्हणजे गप्पांच्या भरात विसर पडत नाही.

जागा पाहायला जाणाऱ्याने निसर्ग नंतर पाहावा आणि आधी शौचालय पाहावे. शिबिर बहुधा गावच्या शाळेत असते. अनेक शाळांना उतरता रॅम्प बांधलेला असतो, पण तो चढता येतो की नाही हे टेप लावल्याशिवाय समजत नाही. नियम सरळ आहे: एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. व्हरांडा जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प किमान ५४० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास अठरा फूट लांब हवा. प्रत्यक्षात सात-आठ फुटांत उरकलेला रॅम्प दिसतो. त्यावरून व्हीलचेअर चढवायला दोन माणसे लागतात आणि उतरताना ती पुढे कलंडण्याची भीती असते. शौचालयाच्या दारात बहुधा पायरी असते, दार आत उघडते, आतमध्ये भारतीय पद्धतीचे भांडे असते आणि धरायला काहीच नसते. यावर लाखोंचा खर्च करावा लागत नाही. पायरीपाशी पक्की बसवलेली जाड फळी, बाहेर उघडेल असे फिरवून बसवलेले दार, भांड्यावर ठेवायची मधोमध उघडी असलेली कमोड खुर्ची, भिंतीत घट्ट रोवलेला लोखंडी पाइप आणि हाताला येईल अशा उंचीवरचा नळ, एवढे गावातला सुतार आणि प्लंबर दोन दिवसांत करून देतात. शिबिर संपल्यावर ते शाळेलाच ठेवून द्यावे. शौचालय नीट नसेल तर काय होते, हे मुलींना विचारावे: त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत त्या शिबिराला येतच नाहीत, आणि कारण कोणालाही सांगत नाहीत.

प्रवासात अडचण असते ती शेवटच्या टप्प्यात. एसटीमध्ये दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. परंतु सवलतीने बसची पायरी खाली येत नाही, आणि तालुक्याच्या स्थानकापासून पुढे पाड्यापर्यंत क्रूझर किंवा काळी-पिवळीच असते. आधीच दाटीवाटीने भरलेल्या त्या गाडीत व्हीलचेअर टपावर चढवली जाते आणि घाटात तिची पायपट्टी किंवा उशी गळून पडते. उशी हरवणे ही क्षुल्लक बाब समजू नये. ज्याला बैठकीची संवेदना नाही त्याला ती नसल्यास काही तासांतच त्वचेवर लाल चट्टा उठू शकतो आणि त्याची जखम बरी व्हायला कधी कधी महिने जातात. सुटणारे भाग काढून, नाव लिहून, मालकाच्या मांडीवर किंवा पायांशी द्यावेत. टपावर फक्त सांगाडा जावा. शक्य असेल तर या प्रवासासाठी वेगळी गाडी ठरवावी, आणि देणगीदारांकडे सर्वांत आधी याच गाडीचे भाडे मागावे.

सिकलसेल आणि आमचा सातपुडा

दिव्यांगत्व म्हटले की कुबडी, पांढरी काठी किंवा श्रवणयंत्र डोळ्यांपुढे येते. २०१६ च्या यादीत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजारही आहेत. नंदुरबार जिल्ह्यात तसेच सातपुड्यालगतच्या चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर या तालुक्यांत शिबिर घेणाऱ्याने यातील सिकलसेल नीट समजून घेतलाच पाहिजे, कारण हा आनुवंशिक आजार मध्य आणि पश्चिम भारतातील आदिवासी समाजांत तुलनेने अधिक आढळतो.

रक्तातील तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्यापुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्यातून हाडांत, छातीत किंवा पोटात असह्य कळा उठतात. शरीरातील पाणी कमी होणे, अचानक थंडी लागणे, दमछाक आणि ताप ही कळा उठण्याची नेहमीची कारणे आहेत. आता आपल्या शिबिराचा दिनक्रम आठवून पाहावा: पहाटे पाच वाजता हौदाच्या गार पाण्याने अंघोळ, रिकाम्या पोटी धावणे, दुपारपर्यंत श्रमदान आणि मध्ये पाणी कधी तरी. दिनक्रम आखणाऱ्याच्या मनात अपाय करण्याचा विचारही नसतो. पण या आजाराची कळ उठवण्यासाठी मुद्दाम आखावा तसाच तो असतो.

उपाय साधे आहेत. अंघोळीला कोमट पाणी, प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली आणि ठरावीक वेळी शिट्टी वाजवून सर्वांनीच पाणी पिणे, श्रमदानात दर अर्ध्या तासाने थांबा, रात्री पुरेसे पांघरूण आणि चालू असलेली औषधे वेळेवर. ताप आला, छातीत दुखू लागले किंवा धाप लागली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण या रुग्णांत जंतुसंसर्ग झपाट्याने वाढू शकतो. येथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक मिळालेला तरुण रुग्ण असतो. एकाकडूनच मिळालेला तरुण वाहक असतो. तो आजारी नसतो आणि सर्वसाधारण शिबिरात त्याला कशाचीच मनाई करण्याचे कारण नसते. तपासणीचे कार्ड पाहून वाहकांनाही घरी पाठवणे हे अज्ञान आहे, आणि ज्या मुलीच्या कार्डाची चर्चा शिबिरात झाली तिला त्याचे परिणाम पुढे लग्न जुळवताना भोगावे लागतात. म्हणून आरोग्याची माहिती फक्त प्रमुख आणि परिचारिका या दोघांकडेच असावी.

फिट्सच्या बाबतीत एवढे पुरे. औषधाची वेळ चुकणे आणि जागरण ही फिट येण्याची दोन ठळक कारणे आहेत, तेव्हा रात्री एकपर्यंत चालणारा कार्यक्रम अशा मुलासाठी साडेदहाला संपला पाहिजे आणि तो संपवताना त्याला ओशाळे वाटू नये. फिट आलीच तर कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चप्पल किंवा कांदा हुंगवण्याने काहीही होत नाही. आपल्याकडे तरीही कोणीतरी कांदा घेऊन धावतोच, म्हणून हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून टाकावे.

दिवसाचा कार्यक्रम, रात्रीचा कार्यक्रम

उपक्रम निवडताना “दिव्यांगांसाठी काय ठेवायचे?” असा प्रश्न विचारला की चित्रकला आणि संगीतखुर्ची याच्या पलीकडे विचार जात नाही. प्रश्न असा हवा: या उपक्रमाचा गाभा कोणता आणि तेथे पोहोचण्याच्या वाटा किती? चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचे उदाहरण घेऊ. या परिसराचे नाव भास्कराचार्यांशी जोडलेले आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख पाटण येथे आहे. साहजिकच तेथील शिबिरात रात्री आकाशदर्शन ठेवले जाते आणि दृष्टिहीन शिबिरार्थी तेवढा वेळ बाजूला बसतो. पण आकाशदर्शनाचा गाभा ताऱ्यांच्या परस्पर जागा समजण्यात आहे. दुपारीच एका पुठ्ठ्यावर मृग नक्षत्र डिंकाने चिकटवावे: ठळक ताऱ्यांना हरभरा, मध्यम ताऱ्यांना तूर, फिकटांना मूग, आणि त्यांना जोडणारा दोरा. बोट फिरवून मृगाचे चार पाय आणि पोटातला बाण ज्याने ओळखला आहे, तो रात्री डोळसांना सांगू शकतो की बाणाची रेघ पुढे वाढवली की व्याध सापडतो. बहुतेक डोळस मुलांनाही ही आकृती आकाशात पाहून पहिल्या खेपेला उमगत नाही. त्यांनाही तोच पुठ्ठा लागतो.

कर्णबधिर शिबिरार्थींची अडचण बरोबर उलट वेळी सुरू होते. दिवसभर ते खुणांनी, ओठांच्या हालचालींवरून आणि लिहून संवाद साधतात. अंधार पडला की हे सारे बंद होते. शिबिराचा सर्वांत रंगतदार भाग, म्हणजे शेकोटीभोवतीची गाणी, नकला आणि गप्पा, त्यांच्यासाठी नुसती हलणारी सावली होऊन जाते. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि दुभाषाच्या हातांवर प्रकाश पडेल असा एक दिवा, तोही प्रेक्षकांच्या डोळ्यांत न जाणारा, आणि एका वेळी एकानेच बोलण्याची शिस्त, एवढ्यावर निम्मी अडचण दूर होते. भारतीय सांकेतिक भाषेचे प्रशिक्षण आणि संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था २०१५ पासून दिल्लीत काम करते आणि तिने तयार केलेला चित्रफितींचा शब्दकोश मोबाइलवर पाहता येतो. त्यातील पन्नास-साठ नेहमीच्या खुणा सर्व शिबिरार्थींनी पहिल्या दोन दिवसांत शिकाव्यात. आमच्याकडची पोरे घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली, पाड्यावर पावरी किंवा भिली आणि वर्गात मराठी बोलतात. आणखी एक भाषा त्यांना जड जात नाही.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी दोन गोष्टी कराव्यात. उद्या काय होणार याचे चित्रांचे वेळापत्रक आदल्या रात्री द्यावे, आणि ढोल किंवा डीजे सुरू झाल्यावर जाता येईल अशी शांत खोली राखून ठेवावी. त्या खोलीला शिक्षेची खोली समजले जाऊ नये म्हणून ती सर्वांसाठी खुली असावी. डीजे मुळातच ठेवला नाही तर उत्तम. ही मागणी मी दिव्यांगांच्या आड लपून करतो आहे असे कोणाला वाटले तर त्यात थोडे तथ्य आहे.

जेवणाचा मुद्दा लहान आहे, पण चुकीला जागा नाही. मेंदूच्या पक्षाघाताने (सेरेब्रल पाल्सी) ज्याला गिळायला त्रास होतो त्याच्यासाठी वरण-बट्टीची बट्टी वरणात पूर्ण भिजवून मऊ करावी, पाठ सरळ ठेवून बसवावे, लहान घास द्यावा आणि घाई करू नये, कारण अन्न श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते. दृष्टिहीन व्यक्तीला ताट वाढताना घड्याळाप्रमाणे सांगावे: बाराला कळण्याची भाकरी, तीनला भरीत, सहाला ठेचा. ठेच्याची जागा आवर्जून सांगावी.

सांभाळ, संमती आणि पालकांची धास्ती

आजवर एक रात्रही मुलापासून दूर न राहिलेली आई शिबिराच्या फॉर्मवर सही करताना थांबते, ते मागासलेपणाने नव्हे. तिचा प्रश्न रास्त असतो: याला रात्री उठवायचे कोणी, आणि हा सांगू शकणार नाही असे काही घडले तर मला कळणार कसे? या प्रश्नाला “ताई, काळजी करू नका” हे उत्तर पुरत नाही. उत्तर कागदावर हवे. अंघोळ, शौच आणि कपडे बदलणे यांसाठी मदत लागणाऱ्या प्रत्येकाचा प्रशिक्षित, प्रौढ आणि त्याच लिंगाचा मदतनीस ठरलेला हवा. मदतीच्या वेळी खासगीपणा राखला जावा आणि दुसरी जबाबदार व्यक्ती हाकेच्या अंतरावर असावी. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा बालकाच्या शारीरिक किंवा मानसिक अक्षमतेचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार अधिक गंभीर गुन्हा मानतो. प्रत्येक कार्यकर्त्याला हे नेमणुकीच्या वेळीच सांगितले पाहिजे, आणि न बोलणाऱ्या मुलालाही ‘नको’ म्हणता येईल अशी एक खूण किंवा चित्र त्याच्या गळ्यातील कार्डावर असले पाहिजे.

शरीराची काळजी आणि मैत्री यांची सरमिसळ करू नये. पुष्कळ शिबिरांत एका गुणी मुलाला एका दिव्यांग मुलाशी सात दिवसांसाठी बांधून टाकतात. तो मुलगा तिसऱ्या दिवशी थकतो आणि दिव्यांग मुलाला मित्र मिळण्याऐवजी राखणदार मिळतो. सोबती रोज बदलावेत आणि मदत कशी हवी हे ज्याला हवी त्यालाच विचारावे. “तुले काय लागस?” हा प्रश्न मुलाकडे पाहून विचारायचा असतो, त्याच्या डोक्यावरून वडिलांकडे पाहून नव्हे. दृष्टिहीन व्यक्तीचा हात ओढून नेऊ नये, तिला आपले कोपर धरू द्यावे. आणि व्हीलचेअरला परवानगीशिवाय हात लावू नये.

फक्त दिव्यांगांचे शिबिर वाईट का, असा प्रश्न येथे रास्तपणे उभा राहतो. मला ते वाईट वाटत नाही. न्यूयॉर्क राज्यात कॅम्प जेनेड नावाचे दिव्यांग तरुणांचे उन्हाळी शिबिर १९५१ मध्ये सुरू झाले. तेथे लहानपणी जाणाऱ्या ज्युडिथ ह्यूमन पुढे अमेरिकेतील दिव्यांग हक्कांच्या चळवळीच्या अग्रभागी आल्या. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत दिव्यांगांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ धरणे धरले आणि भेदभावबंदीचे रखडलेले नियम मंजूर करून घेतले. त्या धरण्यात ह्यूमन यांच्याबरोबर जेनेडमधले जुने सोबतीही होते. आपल्यासारखीच अडचण असलेली माणसे एकत्र आली की ‘हा माझा दोष नाही, ही व्यवस्थेची उणीव आहे’ हे उमगते, आणि ते एकट्याला उमगणे कठीण असते. त्यामुळे एकत्र शिबिरातही एकटाच दिव्यांग शिबिरार्थी घेऊ नये. तो प्रदर्शनातील वस्तू होतो. निदान चार-पाच जण असावेत, वेगवेगळ्या अडचणींचे असावेत, आणि त्यांना आपसांत बसायला वेळ मिळावा.

पाठबळ कशासाठी द्यावे

शिबिराला मदत करायची म्हटली की देणगीदार टी-शर्ट, टोप्या, बॅनर आणि समारोपाचे जेवण देतात, कारण ते छायाचित्रात येते. दिव्यांग तरुण शिबिरात येणे ज्यावर अवलंबून असते ते छायाचित्रात येत नाही: वेगळ्या गाडीचे भाडे, मदतनिसांचे मानधन, सांकेतिक भाषेच्या दुभाषाचा प्रवासखर्च, कमोड खुर्ची, परिचारिकेचे सात दिवस, आणि शिबिरापूर्वी महिनाभर आधी कोणीतरी घरोघरी जाऊन पालकांशी बोलण्याचा खर्च. यातील शेवटचा खर्च सर्वांत कमी आणि सर्वांत परिणामकारक आहे. माझ्याकडे देण्यासाठी पाच हजार रुपये असतील तर मी ते गाडीला किंवा घरभेटींना देईन, बॅनरला देणार नाही.

पैशाच्या संस्थात्मक वाटाही आहेत. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायची असते. गावच्या शाळेतील शौचालय आणि रॅम्प दुरुस्त करण्याचा विषय ग्रामसभेत मांडताना या तरतुदीचा उल्लेख करावा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामासाठी खर्च करावी लागते आणि दिव्यांगांचे शिक्षण त्या कामांत बसते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे. शिबिराच्या निमित्ताने पात्र मुलांची नोंदणी झाली तर तो लाभ शिबिरानंतरही टिकतो. माणसांची मदत हवी असेल तर समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रात भेटतात. परिसरातील दिव्यांग मुलांची घरे त्यांना माहीत असतात आणि कोणाला काय लागेल हेही त्यांना बहुधा ठाऊक असते.

देणगी देण्यापूर्वी आयोजकांना विचारण्यासारखे प्रश्न थोडेच आहेत. आखणीच्या बैठकीत दिव्यांग व्यक्ती होती का? शौचालय कोणी आणि कधी जाऊन पाहिले? रात्रीच्या मदतीला कोण आहे? मागील वर्षी आलेल्यांपैकी किती जण यंदा पुन्हा येत आहेत, आणि कोणी कार्यकर्ता म्हणून येतो आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळायला दोन-तीन वर्षे लागतात, म्हणून एका वर्षाच्या मोठ्या देणगीपेक्षा तीन वर्षांची लहान देणगी उपयोगी पडते.

आणि हे सारे डिसेंबरात सुरू करून चालत नाही. पोळ्याच्या सुमारास जागा पाहून ठेवावी, गणपती उठले की घरभेटी सुरू कराव्यात, दिवाळीपूर्वी आरोग्याची माहिती आणि संमतीपत्रे हाती असावीत, आणि शिबिराच्या पंधरा दिवस आधी येणाऱ्या दिव्यांग शिबिरार्थींपैकी दोघा-तिघांना प्रत्यक्ष त्या जागी नेऊन आणावे. दार किती रुंद आहे, रात्री दिवा कुठे लागतो आणि नळाला हात पोचतो का, हे तेच पाहून सांगतात, आणि सुताराला बोलवायला तोवर वेळ उरलेला असतो.